पार्श्वभूमी: एंग्लुंड गॅम्बिट आणि चौथ्या चालीचा वाद

ठाणे-नवी मुंबईतल्या रविवारच्या रॅपिड (झटपट) बुद्धिबळ स्पर्धांत, त्यातही नऊ आणि अकरा वर्षांखालच्या पटांवर, १. डी४ ला ई५ हे उत्तर, म्हणजे एंग्लुंड गॅम्बिट (प्यादं देऊन हल्ला मिळवायची सुरुवात), आता कुणाला नवं राहिलेलं नाही. काळा पहिल्याच चालीला प्यादं देतो, बदल्यात ठोस काही मिळवत नाही आणि तरी आठव्या चालीला मात करून उठतो. याला उत्तर काय, हे केव्हाच ठरलेलं आहे. भांडण आहे ते त्यातलं कोणतं उत्तर मुलांना शिकवायचं यावर.

गॅम्बिट तसं जुनं. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला एका ऑस्ट्रेलियन खेळाडूने प्यादं दिल्यावर डी६ खेळून दुसरंही पुढे केलं होतं. घोडा सी६ आणि वजीर ई७ ही आजची मांडणी पुढे एका लॅटव्हियन खेळाडूने हाताळली. १९३२ मध्ये एका स्वीडिश खेळाडूने पदरचे पैसे घालून थीम स्पर्धा भरवली, तिथे प्रत्येक डाव ४. वजीर डी५ नंतरच्या स्थितीपासून सुरू झाला. गॅम्बिटला नाव त्याचंच लागलं. त्यानंतर बरीच वर्षं पुस्तकांत याची बोळवण दोन-चार ओळींत होत आली, आणि त्या योग्यच होत्या.

चित्र बदललं ते २०२० नंतर. घरात अडकलेली मुलं ऑनलाइन तीन-तीन मिनिटांचे डाव खेळू लागली आणि सापळ्यांचे छोटे व्हिडिओ हातोहात फिरले. दुसरं कारण आपल्याच वर्गांत आहे, त्याबद्दल मात्र कमी बोललं जातं. गेल्या दहाएक वर्षांत लंडन सिस्टिम घरोघरी पोचली. पांढऱ्याने डी४, उंट एफ४, ई३, सी३ करायचं, समोरचा काही का खेळेना. शिकवायला सोपी, लक्षात ठेवायला त्याहून सोपी. अशा मुलाचा हात उंट एफ४ कडे आपोआप जातो आणि एंग्लुंडचा मुख्य सापळा नेमका तिथूनच सुरू होतो.

चाली अशा (× म्हणजे मारणं; मोहऱ्याचं नाव नसेल तिथे चाल प्याद्याची): १. डी४ ई५ २. डी×ई५ घोडा सी६ ३. घोडा एफ३ वजीर ई७ ४. उंट एफ४ वजीर बी४ शह. इथे ५. घोडा सी३ किंवा सी३ ने शह अडवला तर वजीर आडवा जाऊन एफ४ चा उंट उचलतो. म्हणून ५. उंट डी२. त्यावर वजीर×बी२, आणि ए१ चा हत्ती माराखाली.

सहाव्या चालीला ६. उंट सी३ इतकी मोहात पाडते कारण एका चालीत दोन कामं होताना दिसतात: हत्ती वाचतो आणि वजिरावर हल्ला होतो. पण ६...उंट बी४! नंतर सी३ चा उंट राजासमोर बांधला जातो, वजिराला मारू शकत नाही. ७. वजीर डी२ उंट×सी३ ८. वजीर×सी३ वजीर सी१, मात. डी१ रिकामं झालेलं, राजाला सरकायला घर नाही. आठव्या चालीला घोड्याने मारलं तर मात टळते, पण ए१ चा हत्ती शहासकट जातो. पटावर शिवलेलं मोहरं हलवावंच लागतं, त्यामुळे सहाव्या चालीला हात उंटावर पडला की मूल फसलंच.

योग्य चाल ६. घोडा सी३. घोडा बी१ वरून हलला की डी१ च्या वजिराचा जोर थेट ए१ ला मिळतो. ६...उंट बी४ ७. हत्ती बी१ वजीर ए३, आणि आता ८. घोडा डी५ सगळ्यात कडक. उंट×डी२ शह ९. वजीर×डी२ वजीर×ए२ १०. हत्ती डी१ नंतर सी७ वर घोड्याचा घाव टाळायला काळ्याला किल्लेकोट सोडून राजा डी८ ला न्यावा लागतो. साधा पर्याय ८. हत्ती बी३ वजीर ए५ ९. ई४. त्यावर सहज वाटणारी घोडा जीई७ (जी पट्टीवरचा घोडा ई७ ला) पडली की १०. हत्ती बी५! वजीर ए६ ला गेला तर ११. हत्ती×बी४, आणि मागून एफ१ चा उंट वजिरावर येतो. हत्ती आणि उंट देऊन वजीर आणि उंट मिळतो.

प्रशिक्षकांत दोन तट पडतात ते इथे. एक गट म्हणतो, लहान गटात ४. उंट एफ४ शिकवूच नका. ४. घोडा सी३ खेळा, घोडा×ई५ होऊ द्या, मग ५. ई४. प्यादं परत गेलं, पण ई७ चा वजीर स्वतःच्याच उंटाची वाट अडवून बसलाय आणि घोडा डी५ ची धमकी उभी आहे. ५...घोडा×एफ३ शह ६. वजीर×एफ३ सी६ ७. उंट एफ४ नंतर पांढऱ्याची तीन मोहरी बाहेर, काळ्याचा एकटा वजीर. पाठांतर जवळजवळ शून्य.

दुसरा गट म्हणतो, काळ्याने चूक केलीय तर तिची पूर्ण किंमत वसूल करा. एफ४ चीच ओळ सर्वांत वरची आहे आणि घड्याळात मिनिट उरलं की लंडनवाल्या मुलाचा उंट एफ४ लाच जाणार, मग वर्गात काहीही सांगा. हा मुद्दा खोडून काढणं अवघड आहे. जी चाल मूल सवयीने खेळणारच आहे, तिच्या पुढच्या दोन चाली घोटून घेतलेल्या बऱ्या. 'सहाव्याला घोडा, उंटाला सोडा' एवढं डोक्यात बसलं तरी अर्धं काम होतं. फक्त सहावी चाल शिकवून सातवी वगळणं हा अर्धवटपणा नडतो: हत्ती बी१ विसरलेलं मूल सी३ च्या घोड्यावर दाब वाढत गेल्यावर पुन्हा गोंधळतं.

२. ई४ खेळून सेंटर गेममध्ये (१. ई४ ई५ २. डी४ या सुरुवातीत) शिरण्याचा सल्लाही अधूनमधून ऐकू येतो. चाल चुकीची नाही, पण फुकटचं प्यादं सोडायला कारण काय?

अलीकडे ६. घोडा सी३ बहुतेकांना पाठ झाल्यामुळे काळे तिसऱ्या चालीलाच वळण बदलू लागलेत आणि वजिराऐवजी घोडा जीई७ खेळतात. बेत घोडा जी६ ला नेऊन ई५ चं प्यादं परत मिळवायचा. इथे ४. घोडा सी३ घोडा जी६ ५. उंट जी५ चोख बसतं: उंट ई७ ६. उंट×ई७ वजीर×ई७ ७. घोडा डी५, आणि वजिराला सी७ राखायला मागे फिरावं लागतं. तीच चौथी चाल दोन्ही ओळींना चालते, त्यामुळे घोडा सी३ वाल्या गटाचं पारडं पूर्वीपेक्षा जड झालंय.