पीएम स्वनिधी: हातगाडी-पथारीवाल्यांना कर्ज कसं मिळतं, कागद कोणते लागतात

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला, तेव्हा दुकानदाराचं शटर बंद झालं आणि हातगाडीवाल्याचं भांडवलच संपलं. सकाळी मंडईतून माल उचलायचा, संध्याकाळपर्यंत विकायचा, त्याच पैशांतून दुसऱ्या दिवशीचा माल घ्यायचा. असं फिरतं भांडवल महिनाभर घरात बसलं की ते रेशन-किराण्यातच जातं. बंदी उठल्यावर गाडी लावायची तर माल कशाने भरायचा, हा प्रश्न लाखो लोकांपुढे होता.

मे २०२० च्या आत्मनिर्भर भारत पॅकेजमध्ये लहान उद्योगांसाठी ३ लाख कोटी रुपयांची आपत्कालीन कर्ज हमी योजना आली. पण तिचं सूत्र असं होतं, की २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जेवढं कर्ज बाकी असेल त्याच्या २० टक्के जादा कर्ज मिळेल. ज्याने कधी बँकेचं कर्जच घेतलेलं नाही, त्याला शून्याचे २० टक्के. फेरीवाला त्यातच मोडत होता. त्याच्यासाठी १ जून २०२० रोजी वेगळी योजना सुरू झाली, पंतप्रधान पथविक्रेता आत्मनिर्भर निधी, म्हणजे पीएम स्वनिधी.

उद्योगांची ती हमी योजना मार्च २०२३ मध्ये बंद झाली. स्वनिधी मात्र चालूच राहिली. २७ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची फेररचना केली आणि कर्जवाटपाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. त्यासाठी ७,३३२ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि १ कोटी १५ लाख विक्रेत्यांपर्यंत पोचायचं लक्ष्य आहे, त्यांतले ५० लाख नवे. म्हणजे करोनाकाळात अर्ज करायचा राहून गेला असेल, तर दार अजून उघडं आहे.

किती मिळतं आणि किती परत करायचं

कर्ज तीन टप्प्यांत मिळतं. पहिल्या टप्प्यात आधी १०,००० रुपये मिळत, आता १५,००० पर्यंत मिळतात. दुसरा टप्पा २०,००० वरून २५,००० झाला. तिसरा ५०,००० चाच आहे. पहिलं कर्ज फेडल्याशिवाय दुसरं नाही, दुसरं फेडल्याशिवाय तिसरं नाही. पहिल्या कर्जाला १२ महिने, दुसऱ्याला १८ आणि तिसऱ्याला ३६ महिने अशी परतफेडीची रचना आहे. तारण लागत नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

व्याजदर बँकेप्रमाणे बदलतो, म्हणून मंजुरीपत्रावरचा आकडा आधी वाचा. हप्ते वेळेवर भरणाऱ्याला वर्षाला ७ टक्के दराने व्याज अनुदान मिळतं. इथे गैरसमज फार होतो. हप्त्यातून ७ टक्के वजा होत नाहीत. पूर्ण हप्ता आधी तुम्ही भरायचा. बँक दर तिमाहीला सरकारकडे मागणी करते आणि अनुदान मागाहून तुमच्या खात्यात येतं. खातं थकीत गेलं की अनुदान थांबतं.

हिशेब मांडून पाहू. १५,००० रुपये, १२ महिने, समजा १२ टक्के व्याज. महिन्याचा हप्ता साधारण १,३३३ रुपये. वर्षभरात एकूण व्याज ९९३ च्या आसपास. त्यातले सुमारे ५७९ रुपये अनुदानाने परत येतात, खिशातून जातात ४१४. सकाळी हजार देऊन संध्याकाळी अकराशे घेणाऱ्या सावकाराशी हे ताडून पाहा. तिथे हजारामागे शंभर रुपये एका दिवसात जातात.

क्यूआर कोडवर पैसे घेतले-दिले तर कॅशबॅक मिळतो. नव्या रचनेत किरकोळ विक्री आणि घाऊक खरेदी मिळून तो १,६०० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. दुसरं कर्ज वेळेवर फेडणाऱ्याला यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही देऊ केलं आहे. क्रेडिट कार्ड घेताना मात्र जरा थांबून विचार करा. ते कर्जच असतं, फक्त हप्ता डोळ्यांसमोर दिसत नाही.

पात्र कोण

रस्त्यावर, पदपथावर, तात्पुरत्या टपरीत किंवा फिरून रोजच्या वापराचा माल विकणारा अथवा सेवा देणारा प्रत्येक जण पथविक्रेता. भाजी, फळं, अंडी, चहा, वडा-भजी, कपडे, चपला, वह्या-पुस्तकं, कारागिरीच्या वस्तू हे तर आलंच. रस्त्याकडेला केस कापणारा, चप्पल शिवणारा चांभार, पानवाला, कपडे धुणारा-इस्त्रीवाला हेही यात बसतात. पक्क्या गाळ्यात दुकान असलेल्यासाठी ही योजना नाही, त्याने मुद्रा कर्जाकडे पाहावं.

योजना शहरी भागापुरती आहे. पण विक्रेता शहरात राहत असलाच पाहिजे असं नाही. शेजारच्या खेड्यातून रोज टोपली घेऊन शहरात येणारी बाईही पात्र आहे, कारण विक्री शहराच्या हद्दीत होते. आता योजनेची व्याप्ती टप्प्याटप्प्याने जनगणना नगरं (जनगणनेत शहर म्हणून मोजलेली, पण नगरपालिका नसलेली गावं) आणि शहरालगतच्या भागांतही नेली जात आहे.

राज्यांपुरती एक अटही आहे. पथविक्रेता कायदा २०१४ खालचे नियम आणि योजना ज्या राज्याने अधिसूचित केल्या, तिथल्याच विक्रेत्यांना लाभ मिळतो. मेघालयाचा स्वतःचा वेगळा कायदा आहे, तरी त्याला सहभागाची मुभा ठेवली आहे.

आधी स्वतःचा गट ओळखा

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा बँकेत नाही, त्याच्या आधी. "मी इथे पंधरा वर्षं बसतो, सगळा रस्ता मला ओळखतो" हे खरं असलं तरी संगणकाला तुमची नोंद लागते. म्हणून फॉर्म भरायला बसण्याआधी आपण चारपैकी कोणत्या गटात आहोत हे ठरवा.

ज्याच्याकडे महापालिका किंवा नगरपरिषदेचं विक्री प्रमाणपत्र अथवा ओळखपत्र आहे, तो पहिल्या गटात. त्याचं काम सोपं.

दुसऱ्या गटातल्यांचं नाव पालिकेच्या सर्वेक्षणात आलेलं असतं, पण प्रमाणपत्र हातात पडलेलं नसतं. अशांना पीएम स्वनिधीच्या संकेतस्थळावरून तात्पुरतं विक्री प्रमाणपत्र काढता येतं. सर्वेक्षण यादीत नाव शोधायची सोयही त्याच संकेतस्थळावर आहे. तिथे मिळणारा सर्वेक्षण क्रमांक वहीत लिहून ठेवा, पुढे दर वेळी लागतो. आणि नाव शोधताना एकाच पद्धतीने लिहून "यादीत नाही" असा निष्कर्ष काढू नका. सर्वेक्षण करणाऱ्या पोराने घाईत आडनाव आधी लिहिलंय की नाव, काही सांगता येत नाही. मोबाइल क्रमांकाने, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावानेही शोधून पाहा.

सर्वेक्षणातून सुटलेले, किंवा सर्वेक्षणानंतर धंद्याला लागलेले तिसऱ्या गटात येतात. आसपासच्या गावांतून शहरात येऊन विकणारे चौथ्या. या दोघांना एकच कागद लागतो: शिफारसपत्र. ते पालिका किंवा नगर पथविक्रेता समिती देते.

शिफारसपत्र मिळवताना

याच कागदावर सगळी मदार असल्यामुळे जरा सविस्तर सांगतो. शिफारसपत्राची मागणी ऑनलाइन करता येते. सोबत तुम्ही खरोखर विक्रेते आहात हे दाखवणारं काहीतरी हवं. फेरीवाला संघटनेचं सदस्यत्वाचं कार्ड चालतं. धंद्यासाठी मायक्रोफायनान्स किंवा वित्तसंस्थेकडून पूर्वी घेतलेल्या कर्जाचे कागद चालतात. लॉकडाऊनमध्ये राज्य सरकारने फेरीवाला म्हणून एकरकमी मदत दिली असेल तर त्याचा पुरावाही चालतो. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी नोंदणीकृत फेरीवाल्यांना १,५०० रुपये जाहीर झाले होते. ते खात्यात आले असतील तर पासबुकातली ती ओळ जपून ठेवण्यासारखी आहे.

यांपैकी काहीच नसेल तरी मार्ग आहे. साध्या कागदावर पालिकेला अर्ज द्यायचा आणि स्थानिक चौकशी करून खात्री करून घ्या अशी विनंती करायची. अर्जात मोघम लिहू नका. कोणत्या रस्त्यावर, कशासमोर, काय विकता, किती वाजता बसता, कधीपासून, हे सगळं लिहा, म्हणजे चौकशीला येणारा माणूस तुम्ही जागेवर असाल तेव्हाच येईल. सकाळी सात ते दहा पोहे विकणाऱ्याची चौकशी दुपारी दोनला झाली, तर अहवालात "जागेवर आढळून आले नाही" एवढंच उतरतं.

शिफारसपत्राचा अर्ज पालिकेने १५ दिवसांत निकाली काढायचा असतो. अर्ज कागदावर दिला असेल तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तो शिक्का नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून?

शिफारसपत्र म्हणजे जागेचा परवाना नव्हे. ते दाखवून अतिक्रमण विभागाची गाडी परत पाठवता येईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. शिफारसपत्रानंतर पालिकेने विक्री प्रमाणपत्र आणि ओळखपत्रही द्यायचं असतं. कर्ज मिळालं की लोक तिकडे फिरकत नाहीत, पण धंद्याच्या दृष्टीने तोच कागद जास्त मोलाचा आहे. त्याचा पाठपुरावा सोडू नका.

कागदपत्रं

आधार कार्ड, त्याला जोडलेला चालू मोबाइल क्रमांक आणि बँक पासबुक एवढं आधी तयार हवं. ओळखीसाठी मतदार कार्ड, वाहन परवाना, मनरेगा जॉब कार्ड किंवा पॅन कार्डही वापरलं जातं. सोबत गटाप्रमाणे प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा शिफारसपत्र. दुसऱ्या कर्जासाठी पहिलं कर्ज पूर्ण फिटल्याचा बँकेचा दाखला जवळ असू द्या. फोटो काढायचा तर गाडीसकट, मालासकट काढा.

सगळ्यात जास्त अर्ज लटकतात ते दोन किरकोळ गोष्टींवर. पहिली, आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असतो किंवा मुलाचा असतो आणि मुलगा कामावर गेलेला असतो. ओटीपी त्यावरच येतो, त्यामुळे आधार केंद्रावर जाऊन आपला चालू क्रमांक जोडून घेणं हे पहिलं काम. दुसरी, नावातला फरक. लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव, पासबुकावर माहेरचं, आणि सर्वेक्षणात घरात हाक मारतात ते नाव. हे तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. नंतर निस्तरायला दुप्पट फेऱ्या होतात.

अर्ज

पीएम स्वनिधीच्या सरकारी संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक टाकून ओटीपीने आत जायचं, कर्जाचा टप्पा निवडायचा, आपला गट निवडायचा, सर्वेक्षण क्रमांक किंवा शिफारसपत्राचा तपशील भरायचा, आधार पडताळणी करायची, कागद चढवायचे आणि बँक निवडायची. स्वतः जमत नसेल तर सीएससी (सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या) केंद्रात किंवा पालिकेच्या कार्यालयात भरून मिळतो. राष्ट्रीयीकृत बँकांबरोबर ग्रामीण बँका, सहकारी बँका, स्मॉल फायनान्स बँका, वित्तसंस्था आणि मायक्रोफायनान्स संस्थाही कर्ज देऊ शकतात. माझं मत विचाराल तर जिथे तुमचं बचत खातं आधीपासून आहे आणि जिथे पायी जाता येतं, ती शाखा निवडा. अर्ज भरून झाल्यावर अर्ज क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.

पुढे शाखेत सही करायला जावं लागतं. मंजुरीचा निरोप आला आणि आपोआप पैसे येतील म्हणून माणूस घरी बसला, असं बऱ्याचदा होतं. आठवड्याभरात काही हालचाल नसेल तर अर्ज क्रमांक घेऊन शाखेत जा. बँकेने अर्ज परत पाठवला तर कारण विचारून घ्या. नावातला फरक असेल तर दुरुस्त करून तोच अर्ज पुढे नेता येतो का ते पाहा, लगेच नवा भरू नका. "साहेबांना द्यावे लागतात" म्हणून पाचशे-हजार मागणारा मध्यस्थ भेटला तर त्याला टाळा. तसंच, ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही.

कर्ज माफ होणार का?

हा प्रश्न हमखास येतो. करोनाच्या काळात आलेले पैसे म्हणजे सरकारने दिलेली मदत, असं समजून अनेकांनी हप्ते भरलेच नाहीत. यात "सरकारची हमी" या शब्दाचाही दोष आहे. या कर्जांना सीजीटीएमएसई या संस्थेमार्फत हमी आहे, पण ती बँकेसाठी आहे. कर्ज बुडालं तर बँकेचं नुकसान काही अंशी भरून निघतं. तुमच्या नावावरची बाकी तशीच राहते. ९० दिवसांपेक्षा जास्त हप्ता थकला की खातं थकीत ठरतं, व्याज अनुदान जातं, दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याची वाट बंद होते आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग राहतो. उद्या मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा त्या पंधरा हजारांचा जाब विचारला जाईल.

धंदा बसला, आजारपण आलं, हप्ता चुकणार असं दिसलं तर त्याआधी शाखेत जाऊन सांगा. रोजच्या गल्ल्यातले पन्नास रुपये बाजूला टाकले तर महिन्याला दीड हजार होतात, हप्ता त्यात बसतो. बऱ्याच बायका हे पैसे भिशीसारखे डब्यात टाकतात आणि हप्त्याच्या आदल्या दिवशी खात्यात भरतात.

कर्जासोबत आणखी एक गोष्ट विचारून घ्या. ४ जानेवारी २०२१ पासून "स्वनिधी से समृद्धी" नावाचा जोड कार्यक्रम सुरू आहे. त्यात लाभार्थी कुटुंबाची माहिती घेऊन जनधन खातं, सुरक्षा विमा, जीवन ज्योती विमा, श्रमयोगी मानधन, मातृवंदना, एक देश एक रेशनकार्ड अशा योजनांशी जोडून देतात. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या सहकार्याने स्वच्छतेचं प्रशिक्षणही आहे. पालिकेत शिफारसपत्रासाठी गेलाच आहात, तर त्याच टेबलावर याचीही चौकशी करून या.