दारू सोडायची आहे, पण मिटिंग कोणती गाठायची?
आमच्या मेडिकल दुकानातर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या काउंटरवर एक प्रश्न वरचेवर येतो, आणि तो नेहमी हळू आवाजात येतो. "त्यांच्या आमटीत कालवता येईल असं काही आहे का? त्यांना कळू न देता?" विचारणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी आई. आम्ही नाही म्हणतो. दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी पोटात असताना माणूस दारू प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो. जिवावर बेतू शकतं. ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आणि घेणाऱ्याला सगळं माहीत असतानाच द्यायची असते. पण नुसतं 'नाही' म्हणून कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवणं आम्हाला पटत नाही. म्हणून हे पत्रक.

आधी डॉक्टर

रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढच्या दोन-तीन दिवसांत काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत. अशा वेळी दवाखाना गाठा. "झोपेची एखादी गोळी द्या, सकाळपर्यंत ठीक होईल" असं म्हणून आमच्याकडे येऊ नका. चिठ्ठीशिवाय आम्ही ती देणार नाही.

मिटिंग म्हणजे काय

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे सगळे ज्याला 'एए' म्हणतात ते, १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झालं. शेअर बाजारात काम करणारा एक जण आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोखरलेले. एकमेकांशी मोकळेपणाने बोलत राहिलं तर आजचा दिवस न पिता जातो, एवढं त्यांच्या लक्षात आलं. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे. फी नाही. पूर्ण नाव सांगावं लागत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट.

एका ग्राहकाला एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मी त्याच्याबरोबर एका खुल्या मिटिंगला गेलो होतो. शाळेचा वर्ग होता. फळ्यावर सतराचा पाढा तसाच राहिलेला, बाकं लहान मुलांची, गुडघे वर अडकत होते. तो दाराजवळच्या बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसला, कधीही उठून जाता यावं म्हणून. कुणी त्याला बोल म्हणालं नाही. एक रिक्षावाले काका उठले आणि त्यांनी मुलीच्या फीचे पैसे कसे उडवले ते सांगितलं. तेव्हा याने हेल्मेट खाली ठेवलं. शेवटी चहा झाला, डबा फिरला, ज्याला जमलं त्याने दहा-वीस रुपये टाकले.

तुमच्यासाठी योग्य कोणती

मिटिंग वेळ पाहून निवडा, हे आमचं ठाम मत. तुमचा प्यायला बसायचा वेळ संध्याकाळी सातचा असेल तर सातचीच मिटिंग शोधा. रविवारी सकाळची कितीही चांगली असली तरी बुधवारची संध्याकाळ ती सांभाळणार नाही. मग अंतर. दोन बस बदलून जावं लागलं तर पहिल्या पावसातच जाणं बंद पडतं. 'गल्लीतले बघतील' ही भीती असेल तर शेजारच्या भागातला गट धरा.

भाषेचंही तसंच. ज्या भाषेत तुम्ही घरात भांडता, त्याच भाषेत मन मोकळं होतं. मोठ्या शहरांत मराठी, हिंदी, इंग्रजी असे वेगळे गट असतात. परगावी किंवा परदेशी असाल तर ऑनलाइन मिटिंगही आहेत. बंद मिटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी, खुलीला घरचं माणूसही बसू शकतं. ताईंनो, पुरुषांनी भरलेल्या खोलीत बोलवत नसेल तर बायकांची वेगळी मिटिंग कुठे आहे, हे फोनवर आधीच विचारून घ्या.

देवाचा उल्लेख ऐकून काही जण पहिल्याच दिवशी परत येतात. तिथे देव म्हणजे ज्याला जसा उमगेल तसा, कुणावर धर्म लादत नाहीत. तरी नाहीच रुचलं, तर दुसरा गट पाहा. एका खोलीवरून सगळ्यांचा हिशोब करू नका, निदान पाच-सहा वेळा जा. मध्ये पाय घसरला, पुन्हा प्यायलात, तरी दुसऱ्या दिवशी तिथेच जा. तिथल्या बहुतेकांचं असं कधी ना कधी झालेलं असतं.

घरच्यांसाठी

अल-ॲनॉन ही १९५१ पासूनची वेगळी संघटना पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी आहे, किशोरवयीन मुलांसाठी तिचंच अलाटीन. तो यायला तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता.

फोन

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मन फार खचलं असेल तर टेली-मानस १४४१६, रात्री-अपरात्रीसुद्धा. भरती होऊन उपचार घ्यायची वेळ आली तर पुण्यात मुक्तांगण हे केंद्र १९८६ पासून काम करतं आहे.

जवळच्या मिटिंगचा वार, वेळ आणि पत्ता आम्ही वहीत लिहून ठेवतो आणि दर महिन्याला फोन करून तपासतो. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते. बोलायचा संकोच वाटला तर हे पत्रक नुसतं काउंटरवर ठेवा, आम्ही मिटिंगचा पत्ता कागदावर लिहून देऊ.