रम नाकानं प्यायची असते

गेल्या थंडीत कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर आम्ही चौघं बसलो होतो, पण नेहमीसारखं नाही, कागद-पेन घेऊन. तीन रम होत्या. एक रोजच्या ओळखीची काळी, एक पश्याच्या भावानं ड्युटी फ्रीतून आणलेली कॅरिबियन १२ वर्षांची, आणि एक पांढरी. ग्लास मात्र प्रत्येकापुढं चार, बाहेरून काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळलेली म्हणजे रंग दिसू नये, आणि टेपवर खडूनं नंबर. चौथ्या ग्लासात मी गुपचूप एक नंबरचीच रम परत ओतली होती. प्रत्येकी १५ मिली, चकणा बंद, गप्पा बंद, १०० पैकी मार्क द्यायचे.

पश्यानं एक नंबरला ७८ दिले आणि चारला ९१, वर "ही एकदम वेगळ्या लेव्हलची आहे भावा" असा शेरा. सम्याचं उलटं, एकला ८५ आणि चारला ७०, त्याला चौथी "चीप" वाटली. तिसऱ्या गड्यानं दोन्हीला ८० दिले खरे पण तो बिचारा सगळ्यांनाच ८० देत सुटला होता. आणि माझं ऐका, मी स्वतः ओतलेली, मला माहीत होतं की रम एकच आहे, तरी मला चौथी जरा बरी वाटली.

आता यात हसण्यासारखं आहे ते सोडा, पण हे का होतं ते बघायला गेलं की रमची चव हा प्रकार जिभेच्या हातात फारसा नाहीच हे लक्षात येतं. जिभेला कळतं काय, तर गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे मटणाच्या रश्श्यातली ती भरीव चव, संपलं. बाकी सगळा वास. घोट गिळल्यावर आपण श्वास सोडतो तेव्हा तोंडातली वाफ घशाच्या मागून वर नाकात चढते आणि मेंदू बिनधास्त ठोकून देतो की ही चव तोंडात आहे. खोटं वाटत असेल तर रम लागत नाही, घरातली काकवी घ्या, नाक चिमटीत घट्ट दाबा आणि चमचाभर तोंडात टाका. नुसतं गोड, जरासं खारट, साखरेचा पाक म्हणून कुणी दिला तरी फरक कळायचा नाही. मग नाक सोडा, आणि एका क्षणात अख्खं गुऱ्हाळ तोंडात येतं. लहानपणी मामाच्या गुऱ्हाळावर आम्ही हा खेळ खेळायचो, विज्ञान नंतर कळलं.

नाकात वास पकडणारे जवळजवळ ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि २००४ चं नोबेल त्यांना त्यावरच मिळालं. एका वासाला एक रिसेप्टर असा हिशोब नाही, एक रेणू पाच-पंचवीस रिसेप्टर कमीजास्त दाबतो, पेटीवर सूर धरल्यासारखं, आणि मेंदू त्या अख्ख्या सुराला नाव देतो. नाव माहीत असेल तर. खरी मेख इथंच आहे, कारण मुरलेले टेस्टर असतात त्यांचं नाक आपल्यापेक्षा फार तिखट असतं असं नाही, त्यांच्याकडं वासांसाठी शब्द जास्त असतात आणि तो वास आधी कुठं भेटला होता याची आठवण पक्की असते.

तिखटावरून आठवलं. रमचा घोट घशात जाळ करत उतरतो ना, तो जाळ म्हणजे चवही नाही आणि वासही नाही. आपल्या तोंडात उष्णता ओळखणारा टीआरपीव्ही१ नावाचा रिसेप्टर आहे, डेव्हिड ज्युलियसच्या टीमनं १९९७ मध्ये तो शोधला तो चक्क मिरचीतल्या कॅप्सेसिनचा माग काढत काढत, आणि २०२१ चं नोबेल त्याला आर्डेम पॅटापूशियनबरोबर वाटून मिळालं. हा रिसेप्टर साधारण ४२ अंशांच्या वर गेलं की "भाजलं" म्हणून बोंब मारतो. अल्कोहोल काय करतं, तर ती मर्यादा खाली ३४ अंशांच्या आसपास ओढतं. आणि आपलं तोंड तर ३६-३७ अंशाला असतंच, म्हणजे आपल्याच तोंडाची ऊब आपल्याला चटका देते. तांबड्या रश्श्याचा जाळ आणि रमचा जाळ एकाच बटणावर बोट ठेवतात, म्हणून मटणाचं ताट ओरपून आल्यावर रमला मार्क द्यायला बसू नये, बटण आधीच दाबलेलं असतं. पहिल्या घोटावर मत देऊ नये म्हणतात तेही त्याचसाठी, पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हायला.

बरं, मग हे वास रममध्ये येतात कुठनं? कोल्हापूरकराला हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही, कारखान्याच्या बाजूनं गाडी घातली की काच वर करावी लागते तो वास माहितीये सगळ्यांना. साखर काढून झाल्यावर खाली राहते ती मळी. (गुऱ्हाळावर काहिलीतून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतून, झाऱ्यानं काढून टाकतात त्या घाणीलाही मळीच म्हणतात, ती वेगळी, घोळ करू नका.) कारखान्याच्या या मळीत अजून निम्म्याच्या आसपास साखर असतेच, फक्त तिचे दाणे करणं परवडत नाही. ती पाण्यात पातळ करून यीस्ट सोडलं की यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं. हलकी रम करायची तर एक-दोन दिवसांत काम संपतं. जमैकात मात्र काही ठिकाणी हे आठवडा-दोन आठवडे चालू ठेवतात आणि वरून त्यात जुन्या भट्टीचा उरलेला आंबट गाळ घालतात, जो खड्ड्यात महिनोन् महिने कुजत ठेवलेला असतो. ऐकायला किळसवाणं आहे आणि आहेच. त्या गाळातले बॅक्टेरिया ब्युटिरिक अॅसिड बनवतात, म्हणजे खवट लोण्याला वास येतो ना, तेच. पण हे अॅसिड अल्कोहोलबरोबर जोडलं गेलं की तयार होतं इथाइल ब्युटिरेट, आणि त्याचा वास पिकल्या अननसाचा. असाच दुसरा एक रेणू आयसोअमाइल अॅसिटेट, त्याला केळ्याचा वास. या घराण्याला एस्टर म्हणतात. जमैकातल्या हॅम्पडेन इस्टेटची सगळ्यात जबरी रम असते तिच्यात १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागं १५०० ते १६०० ग्रॅम एस्टर असतात, ती मूळची सरळ प्यायला नसते, दुसऱ्या रममध्ये थोडी थोडी मिसळायला आणि मिठाईच्या स्वादाला वापरतात. मार्टिनिक बेटावर बहुतेक मळी न वापरता उसाचा ताजा रस आंबवून रम करतात, ब्राझीलची कशासा नावाची दारूही रसाचीच, तिला रसवंतीच्या फडक्यासारखा हिरवट वास असतो असं माझं मत, काहींना हे अपमानास्पद वाटतं.

मग ऊर्ध्वपातन, म्हणजे हे आंबवलेलं उकळायचं आणि वाफ परत थंड करून धरायची. आपल्याकडं "पहिल्या धारेची" म्हणजे अस्सल, कडक, असा शब्दच पडलाय, पण चांगला डिस्टिलर पहिली धार वेगळी काढतो. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, त्याच्या आधी जे हलके पदार्थ वर येतात त्यात अॅसिटाल्डिहाइड, इथाइल अॅसिटेट असला माल असतो, नेलपॉलिशचा वास येतो त्याला. शेवटची धार जड, ओल्या पुठ्ठ्यासारखी. बाटलीत जाते ती मधली. पहिली कुठं तोडायची आणि शेवटची कुठं थांबवायची हे कितीही मीटर लावले तरी मोठ्या डिस्टिलरीत अजून माणूस हुंगून ठरवतो, आमच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या थर्मामीटरशिवाय पाकाची गोळी पाण्यात टाकून बघतो आणि "उतरा आदण" म्हणतो, आदण म्हणजे काहिलीत उकळणारा रस, तसंच काहीसं.

पिपाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर लोक फार बोलतात. अमेरिकेत बर्बनला कायद्यानं नवं, आतून जाळलेलंच ओकचं पीप लागतं, त्यामुळं एकदा वापरलेली पिपं स्वस्तात बाहेर पडतात आणि कॅरिबियनला जातात. लाकडातलं लिग्निन तापून फुटलं की व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास, आणि ओकमधल्या लॅक्टोनचा खोबऱ्यासारखा. स्कॉटलंडच्या थंडीत पिपातनं वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास उडून जातं, उष्ण हवेत त्याच्या कितीतरी पट, आणि लाकडाशी देवघेवही तेवढीच जोरात, म्हणून १२ वर्षांची स्कॉच आणि १२ वर्षांची रम एका तराजूत घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

मला सगळ्यात भारी वाटतो तो सोटोलॉन नावाचा रेणू. मेथीचा जो वास आहे ना तो प्रामुख्यानं ह्याचा. तोच कच्च्या उसाच्या साखरेत सापडतो, नावातला "सोटो" हा जपानी शब्द आहे, अर्थ कच्ची साखर, आणि तोच मुरलेल्या रममध्येही असतो. कमी असला तर कॅरमलसारखा, वाढला की मेथी. आजीनं मेथीच्या लाडवात साखर न घालता गूळच का घातला याला आयुर्वेद वगैरे कारणं असतीलच, पण नाकाच्या हिशोबानं ती दोन सख्खी भावंडं एकत्र आणत होती.

प्रत्यक्ष चाखायचं कसं? आधी तर महाराष्ट्रात रमसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवाना लागतो, ते बघून घ्या. ग्लास पोटात फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा, म्हणजे वास गोळा होतो, आपले सरळसोट पेगचे ग्लास त्याला कुचकामी. नाक एकदम आत खुपसायचं नाही, अल्कोहोलच्या वाफेनं सुन्न होतं, तोंड थोडं उघडं ठेवून लांबनं हुंगायचं. दोन-तीनदा हुंगलं की नाक त्या वासाला कंटाळतं, मग स्वतःच्या कोपराच्या आतली बाजू हुंगायची, आपला वास नाकाला सवयीचा असतो. आणि थोडं पाणी घालायला लाजू नका, बिनपाण्याची पिणारा तो मर्द असला बाष्कळपणा नको. स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी २०१७ मध्ये कॉम्प्युटरवर रेणूंचं गणित मांडून दाखवलं की धुरकट वासाचा ग्वायकॉल नावाचा रेणू ४५ टक्क्यांच्या खाली अल्कोहोल असेल तर पृष्ठभागाजवळ येऊन बसतो, आणि ५९ च्या वर गेलं की इथेनॉल त्याला घेरून खाली ओढतं. अभ्यास व्हिस्कीचा होता, पण जळक्या पिपातनं तो रममध्येही येतो. आपली ओल्ड मंक आधीच ४२.८ टक्क्यांची, हा विचित्र आकडा जुन्या ब्रिटिश मापातल्या ७५ प्रूफचा, १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७ टक्के. तिला चमचाभर पाणी पुरतं.

गोड लागते म्हणून "स्मूद आहे" म्हणणाऱ्यांसाठी एक, काही रममध्ये बाटली भरायच्या आधी साखर घालतात, युरोपात लिटरला २० ग्रॅमपर्यंत चालते, जमैकात चालत नाही. दोन थेंब तळहातावर चोळून वाळवा, हात चिकट झाला तर समजून जा. काळा रंगही बऱ्याचदा कॅरमलचा, त्यावरनं वय काढू नका. आणि व्यावसायिक टेस्टर घोट थुंकतात, दिवसाला डझनावारी नमुने असतात, आणि अल्कोहोल १९८८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

राहिले मार्क. रॉबर्ट हॉजसन नावाचे एक वाइन बनवणारे गृहस्थ, त्यांना कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या वाइन स्पर्धेत आपल्याच वाइनला कधी मेडल कधी काहीच नाही असं होत होतं, म्हणून त्यांनी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा द्यायला लावली. माझी गच्चीवरची चोरी तिथनंच उचललेली. २००८ ला निष्कर्ष छापला, जेमतेम १० टक्के परीक्षक स्वतःशी सुसंगत निघाले. २००१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिला तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ही वाइनची माणसं होती, शिकलेली, आणि वाइन तरी तोंडात जाळ करत नाही. मग ४० टक्क्यांच्या वरच्या दारूला कुणी ९१ आणि ९२ असे वेगळे मार्क देतो तेव्हा मला त्या एका मार्काचं लई कौतुक वाटतं. मी आकडे वाचत नाही, खालचे शब्द वाचतो. "केळं, जळका गूळ, चामडं" लिहिलंय तर काहीतरी हाताला लागतं, ९२ नं काय लागणार.

त्या रात्री ग्लास तसेच कठड्यावर राहिले. सकाळी मामा काकवीचा कॅन घेऊन आले. मामा माळकरी, आयुष्यात थेंब शिवले नाहीत, पण चाळीस वर्षं काहिलीच्या वाफेत उभे. गच्चीवर आले आणि म्हणाले, "काकवी सांडलीया काय रं हितं?" मी काही बोलायच्या आत त्यांनी एक ग्लास उचलून नाकाला लावला. रात्रभरात अल्कोहोल उडून गेलं होतं, मागं उरले ते जड, सावकाश उडणारे रेणू, म्हणजे जाळ नाही, नुसता वास. वाळका ग्लास हुंगायची ही पद्धत टेस्टरही वापरतात, मामांना ते माहीत असायचं कारण नाही.

माझ्यापुढचे चारही ग्लास त्यांनी हुंगले. दोन नंबरवर जरा थांबले, तीन नंबर लगेच खाली ठेवला. मग एक आणि चार दोन्ही हातात धरून म्हणाले, "ह्ये दोन एकाच काहिलीतलं हाईत की." मी गप्प. नशीब म्हणा, एकदाच झालेली गोष्ट म्हणा, पण पश्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

"आणि ह्यो?" मी दोन नंबर पुढं केला, ड्युटी फ्रीवाली, १२ वर्षं जळक्या ओकमध्ये मुरलेली.

मामांनी परत हुंगला, नाक मुरडलं, आणि ग्लास कठड्यावर पालथा घातला.

"आदण लागलंय त्यांचं. च्या टाकायला सांग."