दक्षिण भारतीय लोकसमूहातील दंतमापन व अस्थिमापन

दात व हाडे यांची मापे घेऊन व्यक्तीचे लिंग, वय किंवा उंची ठरवण्यासाठी तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तेलंगण येथील लोकांवर झालेले अभ्यास. बेवारस अवशेषांची ओळख पटवणे आणि जन्मदाखला नसलेल्या मुलाचे वय ठरवणे, हे त्यांचे मुख्य उपयोग.

दक्षिणेत मोजमापाची सुरुवात वेगळ्याच हेतूने झाली. मद्रास संग्रहालयाचे अधीक्षक (1885–1908) एडगर थर्स्टन यांनी जातीजमातींच्या लोकांची डोकी आणि नाके मोजली. त्यामागे वंशवर्गीकरणाची ओढ होती. ताम्रपर्णीकाठच्या आदिचनल्लूर येथे अलेक्झांडर री यांना उत्खननात सापडलेल्या कवट्यांवर सॉली झुकरमन यांनी 1930 मध्ये लिहिले, तेही याच चौकटीत. आजच्या न्यायवैद्यकाला वंशाशी फारसे कर्तव्य नाही. समोर आलेला जबडा पुरुषाचा की बाईचा, हा त्याचा प्रश्न.

त्यासाठी सर्वाधिक मोजला गेलेला दात म्हणजे खालचा सुळा. तो सहसा किडत नाही, हिरड्यांच्या आजारातही बराच काळ टिकतो आणि स्त्रीपुरुषांतला फरक त्यात इतर दातांपेक्षा ठळक असतो. ठळक म्हणायचे, पण फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा. जबड्याचा ठसा घेऊन त्यात ‘स्टोन’ (दंतवैद्यकातले कडक प्लास्टर) ओतून प्रतिकृती करतात आणि व्हर्निअर कॅलिपरची टोके सुळ्याच्या दोन्ही बाजूंना टेकवून रुंदी वाचतात. मग डाव्या-उजव्या सुळ्यांच्या टोकांमधले अंतर. टोक झिजलेले असेल तर नेमके कुठून मोजायचे, इथेच दोन परीक्षकांचे आकडे वेगळे येऊ लागतात.

रुंदीला या अंतराने भागले की ‘खालच्या सुळ्याचा निर्देशांक’ मिळतो. 1989 मध्ये राव व सहकाऱ्यांनी दक्षिण भारतीयांवरील अभ्यासातून तो मांडला. 0.274 ही सीमारेषा; तिच्या वर पुरुष, खाली स्त्री. पद्धत सोपी आणि स्वस्त असल्याने दंत महाविद्यालयांत तिच्यावर प्रबंधांमागून प्रबंध झाले. पण भागाकारातच मेख आहे. पुरुषांचा सुळा रुंद असतो तसा जबडाही रुंद असतो. अंश आणि छेद दोन्ही वाढले की फरक पुसला जातो. समजा, एखाद्या पुरुषाचा सुळा 7.2 मिमी आणि अंतर 27.5 मिमी आहे. निर्देशांक येतो 0.262, म्हणजे स्त्री! आचार्य व मैनाली यांनी 2009 मध्ये या निर्देशांकाच्या मर्यादा दाखवून दिल्या. सुळ्याची नुसती रुंदी कित्येकदा त्याच्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

हाडांत लिंगनिश्चितीसाठी कटीर (कमरेची हाडे) व कवटी सर्वांत भरवशाची. उंचीसाठी मात्र मांडीचे हाड अस्थिमापन फळीवर आडवे ठेवून त्याची कमाल लांबी घेतात. परक्या सूत्राने काय होते ते इथे चटकन दिसते. ट्रॉटर व ग्लेसर यांच्या 1952 च्या सूत्रांत 45 सेंमी हाडावरून गोऱ्या अमेरिकन पुरुषाची उंची 168.5 सेंमी येते, तर कृष्णवर्णीय पुरुषाची 165.3. हाड तेवढेच, पण अवयवांचे प्रमाण निराळे. म्हणून स्थानिक सूत्रांचा आग्रह. अडचण अशी की शरीररचना विभागांतल्या अनेक सुट्या हाडांमागे माणसाची नोंदच नसते, आणि ज्याचे लिंग अंदाजाने ठरवले त्याच हाडावरून लिंगाचे सूत्र काढणे म्हणजे गोल गोल फिरणे.

वयाच्या बाबतीत डेमिर्जियन पद्धत (1973) प्रसिद्ध आहे. एक्स-रेमध्ये खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या सात दातांची वाढ आठ टप्प्यांत पाहून गुण देतात. मूळ कोष्टके फ्रेंच-कॅनेडियन मुलांची. कोशी व टंडन यांनी 1998 मध्ये ती दक्षिण भारतीय मुलांना लावून पाहिली, तेव्हा वय मुलांत सरासरी 3.04 आणि मुलींत 2.82 वर्षे जास्त आले. शाळकरी पोराच्या बाबतीत ही चूक किरकोळ नव्हे.

‘दक्षिण भारतीय’ हा शब्दही जपून वाचावा. पुष्कळदा तो एकाच महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या किंवा तिथे शिकणाऱ्या तरुणांपुरता असतो. कोडगूचा माणूस आणि किनारी आंध्रचा माणूस त्यात एकाच आकड्याखाली जातात.

बाल न्याय कायद्याच्या (2015) कलम 94 नुसार शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसेल तरच वैद्यकीय चाचणीकडे वळायचे असते. अठराव्या वर्षाच्या सीमेवर तर डेमिर्जियन पद्धतीतले सात दात कधीच पूर्ण झालेले असतात. उरते ती अक्कलदाढ, आणि ती काहींना येतच नाही.