लांब नळीची बंदूक लांब मारते? नाही हो!

अमेरिकेत साउथ डकोटाला वर्षातून एखाददा फेझंट (कोंबडीसारखा रानपक्षी) मारायला जाणारा माणूस स्वस्तातली शॉटगन बघायला लागला की कुणीतरी सांगतंच, ३० इंची नळी घे, छर्रा लांब जातो. हा समज बंदुकीच्या काळ्या दारूच्या जमान्यातला, आजची बिनधुराची दारू नळीच्या सुरुवातीलाच बहुतेक जळून जाते, २६ काय नि ३० काय, वेगात फरक किरकोळच. छर्रे किती पसरणार ते चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला अरुंद भाग, ठरवतो. लांब नळीने उडत्या पक्ष्यामागे बंदूक फिरवतानाचा झोका संथ होतो एवढं मात्र खरं. त्यामुळे मॉसबर्ग ५०० सारखी साधी पंप (नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची बंदूक), चोक बदलता येणारी, भरपूर झाली. खरं बघायचं ते दस्त्याचं माप: बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, डोळे मिटून खांद्याला लावा, डोळे उघडल्यावर माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी) नळीच्या बरोब्बर मधोमध दिसायला हवी.