सही कोणाची? कवांटच्या लसीकरणामागचा इतिहास

आम्हा बडोदेकर मराठी मंडळींच्या बोलण्यात कवांटचं नाव क्वचितच निघतं. 2009 मध्ये मात्र डभोई, शिनोर आणि तेव्हा बडोदे जिल्ह्यातच असलेलं कवांट देशभर चर्चेत आले. पाथ ही अमेरिकी संस्था, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राज्य सरकार यांनी मिळून इथल्या 10 ते 14 वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस द्यायला घेतली. दुसरा जिल्हा तेव्हाच्या आंध्रातला खम्मम. काही मुली दगावल्याच्या बातम्या आल्या आणि एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबला. मृत्यूंचा लसीशी संबंध नाही, असं सरकारी चौकशीने सांगितलं. पण संमतीचे कागद उघडले तर खम्ममच्या दोन हजारांहून अधिक अर्जांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही!

लस चांगली की वाईट, हा माझ्या लेखी वेगळा विषय. स्त्री संघटनांनी धरून ठेवला तो होकाराचा मुद्दा, आणि तो जुनाच होता. 1985 मध्ये हैदराबादजवळ पटनचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी गरीब बायका जमवल्या होत्या. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्यांना खरी माहिती दिली, तेव्हा बऱ्याच जणी उठून गेल्या. पुढच्याच वर्षी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली.

1971 च्या गर्भपात कायद्याने सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानली, नवऱ्याची सही मागितली नाही. दवाखान्यांतली रीत मात्र वेगळीच राहिली. समीरा कोहली नावाच्या एक रुग्ण तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होत्या. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईला विचारलं आणि गर्भाशय, बीजकोश काढून टाकले. सज्ञान लेकीच्या वतीने आईचा होकार चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयात 2008 मध्ये लागला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत स्पष्ट निकाल.

लसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात 2012 मध्ये कार्यकर्त्या कल्पना मेहता यांची आणि 2013 मध्ये स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या ‘समा’ या संस्थेची याचिका दाखल झाली. ऑगस्ट 2013 मध्ये संसदीय समितीने पाथवर कडक ताशेरे ओढले. त्याच वर्षी इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर न्यायालयाने औषध चाचण्यांतल्या संमतीचं चित्रीकरण करायला सांगितलं. 2018 मध्ये घटनापीठाने संसदीय समितीचा अहवाल न्यायालयाला पाहता येतो, एवढं ठरवलं. मुलींच्या संमतीचा मूळ मुद्दा त्या निकालात आलाच नाही.