'मास्कने' या शब्दाच्या आधी आणि नंतर

मास्कखाली पुरळ उठतं ही तक्रार २०२० साली घरोघर पोचली, तरी दाबाने आणि घासण्याने येणारे मुरूम त्वचारोगतज्ज्ञांना नवे नव्हते. १९७५ पासून त्यांना 'ॲक्ने मेकॅनिका' म्हणतात. अमेरिकी फुटबॉलपटूंच्या हेल्मेटचा हनुवटीवरचा पट्टा हे त्याचं ठरलेलं उदाहरण.

२००३ च्या सार्स साथीनंतर सिंगापूरमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. नियमित एन-९५ लावणाऱ्यांपैकी ३५.५ टक्के लोकांना त्वचेचा त्रास झाला होता. मुरूम सर्वांत वर, मग खाज, मग पुरळ. म्हणजे तीन वेगळ्या तक्रारी तेव्हाच वेगळ्या मोजल्या होत्या.

२०२० मध्ये मात्र 'मास्क' आणि 'ॲक्ने' (म्हणजे मुरूम) जोडून एक शब्द निघाला आणि सगळं त्यात कोंबलं गेलं. मराठीत तो 'मास्कने' असा लिहिला की सरळ तृतीया विभक्ती वाटते: मास्कने झालं. गंमत अशी की ही विभक्तीच जास्त खरी आहे. कारण त्या एका नावाखाली खरे मुरूम होते, केसांच्या मुळांची सूज होती, तोंडाभोवतीचा लालसर दाह होता, आधीपासूनचा रोझेशिया, म्हणजे चेहरा लाल करणारा जुनाट त्वचारोग होता, आणि मास्कच्या कापडातल्या फॉर्मल्डिहाइड या रसायनाची किंवा कानामागच्या रबराची ॲलर्जीही होती. नाकाच्या हाडावरची जखम तर यातलं काहीच नव्हे. ती निव्वळ दाबाची. त्याच वर्षी चीनच्या हुपेई प्रांतातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये सर्वाधिक इजा तिथेच आढळली.

नावाचा हा घोळ निरुपद्रवी नव्हता. ॲलर्जीवर थोडे दिवस चालणारं स्टेरॉइडचं मलम मुरूम आणि तोंडाभोवतीचा दाह वाढवतं. आपल्याकडे तर असं मलम 'गोरेपणाचं क्रीम' म्हणून मास्कच्या कितीतरी आधीपासून चेहऱ्यावर चोळलं जात होतं. २०१८ मध्ये अशी चौदा औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली; औषधाच्या दुकानात ती किती पाळली गेली, हे गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. मलम थांबवलं की चेहरा आणखी लाल होतो, आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. मास्कखाली हे सगळं झाकलेलं राहिलं.

मुंबईत ८ एप्रिल २०२० ला मास्क सक्तीचा झाला. राज्यातली सक्ती २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला उठली आणि झाकलेले चेहरे दवाखान्यात दिसू लागले.